फुलं ढीगभर, रोप एकही नाही: रानातलं झाड नेमकं कुठं अडतं?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. गडचिरोलीतल्या कुरखेडा तालुक्यातल्या तुमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेनं पाळीपाळीनं राखण सुरू केली, हिरवं झाड तोडणं बंद केलं. तरी मोहाखाली एक रोप दिसत नाही. फुलं मात्र दरवर्षी पडतात, टोळही, म्हणजे मोहाची फळंही, लागतात. सागाचं बी गादीवाफ्यावर टाकलं तर १०० मागं १०-१५ उगवली. चारोळी वर्षागणिक कमी होते आहे. टेंभुर्णीची काही झाडं कधीच फळ धरत नाहीत, ती काढून तिथं दुसरं काही लावावं का? आणि या सगळ्यात दोष मातीचा, बियाचा की बदललेल्या हवेचा?

टेंभुर्णीचं आधी सांगतो, कारण कुऱ्हाड एकदा चालली की परत घेता येत नाही. ती झाडं तोडू नका. ती वांझ नाहीत, नर आहेत. टेंभुर्णीत, म्हणजेच तेंदूत, नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. एप्रिल-मे मध्ये फुलं आली की फांदी वाकवून बघा: नराची फुलं लहान, घोसानं येतात, मादीचं फूल एकेकटं, जरा मोठं, आणि नखानं उकललं तर पोटात इवलासा गोळा दिसतो. तोच पुढं टेंभर, म्हणजे फळ, होतो. नराला जन्मात टेंभर लागणार नाही, पण तो गेला तर आजूबाजूच्या मादीलाही लागणार नाही. मी नोकरीला नवा असताना आमच्या एका वरिष्ठांनी अशीच 'निरुपयोगी' झाडं विरळणीत काढायला लावली होती. पुढं टेंभरं कमी झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून पावसाला दोष दिला.

आता मूळ प्रश्न. माझी ३० हून जास्त वर्षं रोपवाटिकेत आणि बियाणं गोळा करण्यात गेली, बरीचशी गडचिरोली-चंद्रपुरात, थोडी मेळघाटात. 'फुलं तर भरपूर आली होती' हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलं तितकं दुसरं कुठलं नाही. फुलं येतातच भरपूर. पण लाकडाच्या ट्रकला डेपोपर्यंत जाताना जसे नाके लागतात, तसे फुलालाही लागतात: योग्य पराग मिळायला हवा, धरलेलं फळ टिकायला हवं, आत बी भरायला हवं, ते कुणीतरी आईपासून लांब न्यायला हवं, वेळेत रुजायला हवं, आणि मग ढोरं आणि वणवा यांच्यातून पहिली काही वर्षं निघायला हवीत. प्रत्येक जात वेगळ्या नाक्यावर अडते. साग पहिल्या दोन-तीन नाक्यांवर अडतो, मोह शेवटच्या दोन. आपण मात्र दोघांना एकच औषध देतो. खड्डे खणतो आणि रोपं लावतो.

तुम्ही धानाच्या मुलखातल्या. पण काटोल-वरुडकडं कुणी सोयरे असतील तर त्यांना विचारा, आंबिया बहाराला संत्र्याचं झाड फुलांनी पांढरं होतं त्यातली किती फुलं शेवटी फळ म्हणून हाती लागतात. फळगळ त्यांना पाठ असते. कपाशीवाल्याला पातेगळ पाठ असते. झाड पोसता येईल तेवढंच ठेवतं, बाकी सोडून देतं. रानातलं झाडही तेच करतं, फक्त तिथं गळ मोजायला कुणी नसतं.

साग घ्या. आपल्याकडं तो ऐन पावसात फुलतो, जुलैपासून सप्टेंबरपर्यंत. मोठ्या तुऱ्यात हजारो कळ्या असतात, पण रोज थोड्याच उमलतात, आणि एक फूल एकच दिवस जगतं. सकाळी उमललं, दुपारी ११ ते १ च्या सुमारास पराग घ्यायला सगळ्यात तयार, संध्याकाळी गळलं. आता तुमच्याकडचा श्रावण डोळ्यांपुढं आणा. तीन-तीन दिवस झड लागलेली. सागाच्या फुलावर काम करणाऱ्या बारीक माश्या झडीत बाहेरच पडत नाहीत. ज्या दिवशी उघाड मिळाली त्या दिवशीच्या फुलांचं नशीब, बाकीची पाण्यात.

त्यात सागाची आणखी एक खोड आहे. स्वतःच्या परागावर तो फळ धरायला सहसा तयार नसतो, पराग दुसऱ्या झाडाचा हवा. माशीला एकाच झाडावर पोटभर मिळालं तर ती त्याच झाडाच्या तुऱ्यांतून फिरत राहते. पराग पोचतो, पण कामाचा नसतो. फळ धरल्यासारखं दिसतं आणि पुढच्या काही दिवसांत गळतं. उघड्या रानात सागाच्या १०० फुलांमागं साधारण १-२ फळं उरतात. ही काही रोगट झाडांची गोष्ट नाही, चांगल्या सागाची आहे.

फळ हाती आलं तरी पुढं भानगड आहेच. आपण ज्याला सागाचं बी म्हणतो ते अख्खं फळ असतं. आत दगडासारखी आठळी, तिच्यात ४ कप्पे, म्हणजे कागदावर ४ बिया. प्रत्यक्षात बहुतेकांत एक किंवा दोन, आणि कित्येकांत एकही नाही. एका वर्षी बाहेरून आलेल्या पोत्यांतलं बी आमच्याकडं उगवेना. पाणी कमी दिलं, वाफे उशिरा झाले, असं आमच्यावर खापर फुटायची वेळ आली. मी त्यातली १०० फळं मोजून घेतली आणि एकेक छाटणीच्या कात्रीत धरून मधोमध कापली. निम्म्याहून जास्त रिकामी. नंतर कळलं की ते बी एका रस्त्याकडेच्या चार-सहा झाडांखालून झाडून भरलं होतं, कारण तिथं गाडी लागत होती. झाडं दिसायला देखणी, खोड सरळ. मीही भुललो असतो. पण चार-सहा झाडं, आजूबाजूला साग नाही, मग पराग येणार कुठून?

म्हणून तुमच्या वाफ्यावर रागावण्याआधी उरलेल्या बियातली ५० फळं कापून बघा. पोकळ निघाली तर मातीचा, शेणखताचा, कुणाचाच दोष नाही. पुढच्या वेळी बी बदला. निदान २०-२५ झाडांखालून गोळा करा, आणि ती झाडं एकमेकांपासून ५०-१०० मीटर तरी लांब असू द्या, सगळी एकाच आईची लेकरं नकोत. कापल्यावर पांढरी गरगरीत बी दिसली तर मग अडचण सालीची. एक दिवस पाण्यात, एक दिवस कडक उन्हात, असं दोन आठवडे करायचं. आमचे जुने मजूर फळं जमिनीवर पसरून वाळवीला वरची मखमली साल खाऊ देत. मला तेव्हा ते आळसाचं काम वाटायचं. ते अगदी बरोबर होतं. आणि वाफा मोडू नका. सागाचं बी एकदम उगवत नाही, काही महिने हप्त्याहप्त्यानं येत राहतं, काही तर पुढच्या पावसाळ्यात डोकं काढतं. पहिल्या महिन्यात १०-१५ आली यावरून बाकीची मेली असं धरू नये. जी येतील त्यांची वर्षानं अंगठ्याएवढी जडी, म्हणजे मुळासकट बुडखा, झाली की मूळ बोटभर-वीतभर ठेवून लावता येते, त्यासाठी प्लास्टिकची पिशवीही लागत नाही.

सागाबद्दल एक गंमत सांगायची राहिली. त्याचा फुलोरा थेट शेंड्यातून निघतो, आणि शेंडा फुलात गेला की तिथून खोड दुबेळकं होतं. म्हणून लाकडासाठी निवड करणारे उशिरा फुलणारी झाडं पसंत करतात. अशाच झाडांच्या कलमांचं बीजोद्यान, म्हणजे बियासाठीची बाग, उभं करतात. आणि मग कपाळाला हात लावून बसतात की बीजोद्यानात बी का धरत नाही! त्यात कलमं निरनिराळ्या मुलखांतून आणलेली, कुणी जुलैत फुलतं, कुणी सप्टेंबरात. एकाची फुलं संपल्यावर दुसऱ्याची उमलतात. लग्नाला वऱ्हाड आलं आणि नवरदेव पुढच्या महिन्यात.

मोहाचं प्रकरण याच्या उलट आहे. इथं फुलापासून टोळापर्यंत सगळं बऱ्यापैकी सुरळीत चालतं.

शहरातून येणारी मंडळी कधीकधी म्हणतात की गावकरी फुलं वेचतात म्हणून मोह संपत चालला. त्यांना एक वेचलेलं फूल हातात द्या. त्याच्या बुडाशी भोक असतं. परागाचे केसर त्या मांसल पाकळीला आतून चिकटलेले, ते फुलाबरोबर खाली येतात. बीजकोश आणि त्याची लांब काडी मात्र वर देठाशीच राहते. ही काडी फूल पुरतं उमलायच्या आधीच बाहेर आलेली असते, पराग घ्यायला तयार. म्हणजे पहाटे टपकतं ते आपलं काम आटपलेलं फूल. ते वेचल्यानं टोळ कमी होत नाही. फांद्या झोडपून, वाकवून फुलं पाडली तर होतो.

रात्री मोहावर जी फडफड आणि भांडणं ऐकू येतात ती वाघळांची. ती गोड पाकळी खातात आणि तोंडाला लागलेला पराग दुसऱ्या झाडावर नेतात. पुढं जूनमध्ये पिकलेलं फळही तीच लांब नेऊन टाकतात. इतकी कामाची जात, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वाघळं उंदीर-कावळ्यांच्या पंगतीला, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसवलेली होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. तुमच्या गावात वाघळांचं एखादं जुनं झाड असेल, तर त्याला मोहाच्या राखणीचाच भाग समजा.

फुलोऱ्याला आभाळ मानवत नाही असं तुमच्याकडं म्हणतात, तेही खरं. मार्चमध्ये अवकाळी पाऊस, गारा आल्या की कळ्या झडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यात जी गारपीट झाली तिचे पंचनामे गव्हा-हरभऱ्याचे झाले. मोहाच्या कळ्यांचा पंचनामा कोण करणार! याखेरीज बांडगूळ बघा. जुन्या मोहावर ते फार चढतं, त्याचं बी पक्षी चोचीनं फांदीला चिकटवतात, आणि ते फांदीचा जीव ओढून घेतं. उन्हाळ्यात पानं नसताना हिरवा पुंजका लगेच ओळखू येतो. फळ यायच्या आधी तो फांदीसकट उतरवा. नुसता ओरबाडला तर पुन्हा फुटतो.

तर टोळ लागतो, पिकतो, जून-जुलैत पडतो, नेमका पहिल्या पावसाच्या तोंडावर. आणि इथून पुढं मोह अडतो. त्याचं बी साठवणीचं नाही. सागाचं बी वर्षभर पोत्यात पडून राहील. मोहाचं काही आठवड्यांत मरतं. वाळवलं तर त्याहून लवकर. मी एका ठिकाणी पाहिलं आहे, टोळ जुलैत गोळा केले, गोदामात ठेवले, आणि सप्टेंबरात कार्यक्रम करून गावोगाव वाटले. फोटो छान आले. रोप एकही आलं नाही.

ताजं बी मात्र धडाधड रुजतं. मग तुमच्या मोहाखाली ते का दिसत नाही? तुम्हीच वर्षाचा फेरा आठवून बघा. जूनमध्ये तेलासाठी टोळ एकूणएक वेचले जातात. वेचून उरलेलं रानडुक्कर खातं. त्यातूनही रुजलेलं रोप पावसाळाभर ढोरांच्या पायाखाली असतं. हिवाळा काढून ते वीतभर होतं आणि मार्च उजाडतो. तेव्हा फुलं नीट दिसावीत म्हणून मोहाखालचा पाला पेटवला जातो. त्या एका काडीत मागच्या पावसाळ्याची सगळी रोपं जातात. दरवर्षी. तुमच्या गावातला सगळ्यात तरुण मोह केवढा आहे, विचारा म्हाताऱ्यांना. मी जिथं जिथं विचारलं तिथं एकच उत्तर आलं: आमच्या आज्याच्या वेळचा. बियापासून वाढलेल्या मोहाला फुलावर यायला १० वर्षं लागतात, चांगला भरायला २० हून जास्त. म्हणजे आजचे जुने मोह वठतील तेव्हा त्यांची जागा घ्यायला कुणी उभं नसेल.

पाला जाळण्याऐवजी खराट्यानं झाडून बाजूला करता येतो, किंवा झाडाखाली जुन्या साड्या, हिरवी जाळी अंथरता येते. जाळीवरचं फूल मातीला लागत नाही, त्याला भावही बरा मिळतो. हे मी ग्रामसभांत सांगतो तेव्हा बायका लगेच मान डोलावतात आणि पुरुष म्हणतात, जाळी कोण विकत घेणार. असो.

चारोळीचं दुखणं तिसरंच. ती अडते ती आपल्या घाईवर. एप्रिल अखेरीला चारं पिकून काळी होतात, पण मी थांबलो तर शेजारचा तोडून नेईल या भीतीनं हिरवीच ओरबाडली जातात. कच्च्या फळातली आठळी भरलेली नसते. व्यापाऱ्याला वजन कमी, रानाला बी शून्य. शिवाय फुलोरा फांद्यांच्या टोकांना येतो, आणि तोडताना टोकंच मोडली तर पुढच्या वर्षीचं फूलही आजच गेलं. माडिया-गोंड गावांत पंडुमचा सण झाल्याशिवाय नवं फळ तोंडात घालत नाहीत, ही रीत मला नेहमी फार शहाणी वाटते: सगळ्यांना एकच तारीख, आणि त्या तारखेपर्यंत फळ पिकलेलं. तुमच्या ग्रामसभेनं चारोळीसाठी अशी एक तारीख ठरवली आणि पाळली, तर रोपं लावण्याहून ते जास्त कामाचं होईल. आठळी कठीण असते. रोपवाटिकेत पेरायची तर जरा तडकवून पेरा, आतल्या गराला धक्का न लावता.

तेंदूपत्त्यावर बोलल्याशिवाय गडचिरोलीत कुठलंही उत्तर पुरं होत नाही. मे मध्ये कोवळा पत्ता मिळावा म्हणून आधी झुडपं छाटतात, कुठं कुठं रान पेटवतात. छाटलेलं झुडूप पानं देतं, फुलत नाही. तेंदू मुळांच्या फुटव्यांवर टिकून राहतो म्हणून कुणाला काही बिघडल्यासारखं वाटत नाही, पण टेंभर दुर्मिळ होतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्या ग्रामसभेनं तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यासाठी छाटणी आणि आग दोन्ही लागतात. टेंभरं माणसांना आणि पाखरांना राहिली. त्यांच्याकडं बांबूचं उत्पन्न होतं म्हणून ते जमलं; तुमच्या गावाला पत्त्याच्या मजुरीवर पाणी सोडा असं मी सांगणार नाही. पण रानाचा एखादा कोपरा, जिथं नर-मादी दोन्ही मोठी झाडं आहेत, पत्त्याच्या हंगामातून वगळता येईल.

टेंभर खाणारं अस्वल ही लहानसहान गोष्ट नाही. त्याच्या विष्ठेत टेंभराच्या, बहाव्याच्या, बोराच्या बिया असतात, खतासकट पेरलेल्या. आवळ्याचं काम चितळ करतं: फळ गिळतं, सावलीत रवंथ करायला बसतं आणि आठळी थुंकून टाकतं. तमिळनाडूतल्या मुदुमलाईत हे नीट अभ्यासलं गेलं आहे. म्हणजे चितळ संपलं की आवळा उभा असतो, फळतो, पण त्याचं फळ आईच्याच सावलीत कुजतं. उंबर तर आणखी नाजूक. 'उंबराचं फूल' आपण न दिसणाऱ्या माणसाला म्हणतो. फूल असतं, पण फळाच्या आत, आणि तिथं एकाच जातीची, तिळाहून लहान गांधीलमाशी शिरते. तिच्याशिवाय उंबराला बी नाही, उंबराशिवाय तिला घर नाही. एखादं उंबर वर्षात कधीही फळतं, रानात दुसरं काही खायला नसतानाही, म्हणून धनेश, माकडं, वाघळं त्या मुलखात टिकतात आणि बाकीच्या झाडांचं बी वाहतात. नाल्याकाठची उंबरं राखा. एवढंच.

सालई तुमच्याकडं कमी, पण मेळघाटचं एक सांगतो कारण ते चीक-डिंक काढणाऱ्या सगळ्यांनाच लागू आहे. सालईही स्वतःच्या परागाला दाद देत नाही, आणि तिचं बरंच बी पोकळ निघतं. त्यात खोडाला घाव घालून डिंक काढला की झाडाचा साठा जखम भरण्यात जातो. इरिट्रियात सालईच्याच जवळच्या धूपझाडावर काम झालं आहे: खूप चीक काढलेल्या झाडांचं बी १६ टक्क्यांहून कमी रुजलं, न काढलेल्या झाडांचं ८० टक्क्यांहून जास्त. झाड उभं आहे, हिरवं आहे, फुलतंय, आणि बी मेलेलं आहे. बाहेरून काही कळत नाही. सरसकट सगळ्या झाडांना घाव घालू नयेत, काही झाडं पाळीपाळीनं मोकळी ठेवावीत, ती याचसाठी.

बांबूला या सगळ्यात धरत नाही. तो शास्त्रानं गवत. १९२७ च्या वन कायद्यानं त्याला झाड ठरवलं होतं, २०१७ मध्ये ते काढलं. मानवेल बांबू २५ ते ४५ वर्षांत एकदाच सगळीकडं फुलतो, इतकं बी टाकतो की उंदीर-पाखरांनी खाऊनही उरतं, आणि मरतो. तुमच्या हयातीत फुलला तर त्या वर्षी आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथं ना ढोर ना काडी. दुसरी संधी तुमच्या नातवंडांना मिळेल.

राहिली हवा. दोष हवेचा की नाही? थोडा आहे, पण जितका तिच्यावर टाकला जातो तितका नाही. कोरड्या वर्षानंतर झाडं जास्त फुलतात हे जुनंच. संत्र्याला मुद्दाम पाणी तोडून ताण देतात तो त्यासाठीच. एका वर्षी भरभरून आणि पुढची एक-दोन वर्षं रिकामी, हाही बऱ्याच जातींचा स्वभाव आहे, झाडाला साठा भरून काढायला वेळ लागतो. त्यामुळं एका हंगामावरून काही ठरवू नका. धावड्याचं बी तर चांगल्या वर्षीही बहुतेक पोकळच असतं. आगीचंही सगळ्यांना सारखं नाही: साग, तेंदू, पळस यांची रोपं दरवर्षी जळतात, वाळतात आणि जमिनीखालच्या जाड मुळातून पुन्हा फुटतात, असं कित्येक वर्षं चालतं आणि एक दिवस ती डोक्याच्या वर निघतात. मोह-चारोळीच्या कोवळ्या रोपांना ते जमत नाही. दरवर्षी पेटणाऱ्या रानात हळूहळू साग-तेंदू-पळस उरतो तो असा.

म्हणून या वर्षी खड्डे खणू नका. आधी मोजा. रानात वेगवेगळ्या ठिकाणी १० मीटर लांब, १० मीटर रुंद असे १५-२० चौकोन दोरी लावून आखा आणि प्रत्येक जातीची रोपं तीन खणांत लिहा: गुडघ्याखालची, गुडघ्यापासून कमरेपर्यंतची, कमरेच्या वरची. मुलांनाही जमतं. ज्या जातीचं एकही रोप नाही, तिचं बीच पडत नाही किंवा वेचलं जातं आहे. गुडघ्याखालची खूप आणि कमरेएवढं एकही नाही, तर आग किंवा ढोर. कमरेपर्यंत आहेत आणि पुढं जात नाहीत, तर बहुधा वरची सावली दाट आहे. मोजणी पावसाळा संपल्यावर, म्हणजे ऑक्टोबरात करा, आणि तीच चौकोनं पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा मोजा. मधल्या काळात काय गेलं ते तुमच्याच वहीत दिसेल.

मोहासाठी तेवढीही वाट बघायची गरज नाही. येत्या जूनमध्ये प्रत्येक पाड्यातले दोन-चार मोह निवडा, खालचे टोळ वेचायचे नाहीत असं ठरवा, आणि वाघळांनी दूर टाकलेल्या आठळ्यांकडंही लक्ष ठेवा. ज्यांना लावायचं आहे त्यांनी टोळ पडला की गर काढून त्याच दोन-तीन दिवसांत, सरळ जागेवर, शेताच्या धुऱ्यावर नाहीतर रानात, दोन बोटं खोल पेरावा. मोहाचं सोटमूळ लवकर खोल जातं, लहान पिशवीत ते गुंडाळतं आणि झाड जन्मभर कमजोर राहतं. पेरल्या जागी काटेरी फांद्या टाका. मार्चमध्ये त्या झाडांखाली काडी लागणार नाही याची जबाबदारी नाव घेऊन कुणाला तरी द्या.

सागाच्या वाफ्याला तोवर पाणी चालू ठेवा. मोजणीचे आकडे आले की कळवा, आणि टेंभुर्णीची नर-मादी किती निघाली तेही.